'एक्झॉनरेटेड' या शब्दावर अडलेला ठराव

देवगड तालुक्यातल्या एका मच्छीमार सहकारी सोसायटीच्या डिझेल पंपावर सहाशे लिटरच्या वर तूट निघाली. पंपावरच्या कारकुनावर आळ आला, चौकशी झाली आणि तो सुटला. प्रकरण इथेच मिटायला हवे होते. पण चौकशीचा अहवाल इंग्रजीत होता, त्याच्या शेवटच्या परिच्छेदात 'एक्झॉनरेटेड' असा शब्द होता, आणि सर्वसाधारण सभेपुढे ठराव मराठीतच मांडायचा होता. मसुदा करायला बसलेल्या चौघांनी त्या एका शब्दाची चार मराठी रूपे केली. चारही रूपांचा अर्थ वेगळा, इतका वेगळा की एकात कारकुनाला थांबवलेला पगार मिळत होता आणि दुसऱ्यात तो बुडत होता. भाषांतर बघून द्यायला मला बोलावले, म्हणून हे सगळे कागद हाताखालून गेले. सोसायटीचे आणि माणसांचे नाव इथे देत नाही. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत.

पंप, टाकी आणि तूट

यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा राज्य सरकार देते आणि तो सोसायटीमार्फत मिळतो. त्यामुळे किनाऱ्यावर सोसायटीचा पंप ही फक्त इंधन भरायची जागा राहत नाही. कुठल्या नौकेने किती लिटर उचलले ते तिथल्या वहीत असते, परतावा त्या वहीवर ठरतो, उधारी तिथेच मांडलेली असते. अशा वहीवर बसणाऱ्या माणसावर गावाचा विश्वास असावा लागतो. इथला कारकून पंचविशीत कामाला लागलेला आणि आता पन्नाशीला आलेला. गाव त्याला 'भाऊ' म्हणते, मीही तेच म्हणतो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत पंपाला गिऱ्हाईक नसते, म्हणून टाकी जवळजवळ रिकामी ठेवतात. ऑगस्टमध्ये नौका पाण्यात गेल्या, टँकर आला, विक्री सुरू झाली आणि महिनाअखेरीला साठा मोजला. टाकीत डिप रॉड घालायचा, ओली खूण कुठवर आली ते बघायचे, डिप चार्टमध्ये त्या सेंटिमीटरसमोर लिहिलेले लिटर घ्यायचे, अशी मोजणीची रीत. वहीप्रमाणे जेवढे डिझेल शिल्लक असायला हवे होते त्यापेक्षा सहाशेहून जास्त लिटर कमी भरले. पुन्हा मोजले, तेवढेच.

संचालक मंडळाने जेट्टीवरच्या शेडमध्ये सभासदांना जमवले आणि माईकवरून तूट जाहीर केली. "हिशेब लागेपर्यंत भाऊने पंपावर यायचे नाही," असेही माईकवरूनच सांगितले. त्याच आठवड्यात तुटीची रक्कम त्याच्या नावे टाकली गेली आणि ती भरून देण्याचे हमीपत्र त्याच्याकडून लिहून घेतले. चोरी केलीस असे कागदावर कुणीच लिहिले नव्हते. लिहायची गरजच उरली नव्हती.

गणपती जवळ आले होते. "चवतीचो चंद्र बघलंस काय रे?" असे लोक त्याला विचारू लागले. काहींनी सहानुभूतीने, काहींनी टोचायला. घरच्यांनी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. एका संचालकाने कौल लावायची सूचना केली तेव्हा मात्र भाऊ पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाला, की कौल नंतर लावू, आधी टाकी बघा.

चौकशीत काय निघाले

चौकशीचे काम एका निवृत्त अभियंत्याकडे गेले. ते तेल कंपनीत नोकरी केलेले, आजोळ इथले, मोबदला घेणार नाहीत. या तिसऱ्या गुणावर मंडळाचे लगेच एकमत झाले. आयुष्यभर अहवाल इंग्रजीत लिहिलेला माणूस, हाही इंग्रजीतच लिहिणार हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आले नाही.

त्यांनी आल्या आल्या टाकीला हात लावला नाही. ऑगस्टची रोजची नोंदवही मागवली आणि दररोजची तूट स्वतंत्र मांडली. महिनाअखेरीची एकच तूट बघून जे दिसत नव्हते ते या मांडणीत दिसले. कुणी रोज थोडे थोडे डिझेल काढत असेल तर तूट साचत जाते, आजची तूट कालच्यापेक्षा कमी होऊ शकत नाही. इथे ती भरती-ओहोटीसारखी वरखाली होत होती. टाकी निम्मी भरलेली असेल त्या दिवशी सहाशेच्या पुढे, तळाला गेलेली असेल त्या दिवशी चारशेच्या आसपास, नवा टँकर रिकामा झाला की पुन्हा सहाशे. चोर चोरलेले डिझेल परत आणून ओतत नाही.

मग नॉझल. पाच लिटरचे माप लावून तपासले, बरोबर निघाले. टाकीत पाणी शिरले आहे का तेही बघितले, नव्हते. त्यानंतर त्यांचे लक्ष टाकीच्या व्हेंट पाइपकडे, म्हणजे टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या उभ्या नळीकडे गेले. तो किंचित कललेला होता. महिनाभर सगळे त्याच्याजवळून ये-जा करत होते, आणि तो वाऱ्याने वाकला असेल असे समजून चालत होते.

टाकी जमिनीखाली आडवी पुरलेली, लांबी साडेसहा मीटरच्या थोडी आत, व्यास दोन मीटर, क्षमता वीस हजार लिटर. डिप रॉड घालायचे तोंड एका टोकाला आणि माणूस उतरण्याचे झाकण दुसऱ्या टोकाला. अभियंत्यांनी दोन्ही ठिकाणी डिझेलची खोली मोजायला लावली. द्रवाचा पृष्ठभाग सपाटच राहतो, तेव्हा टाकी सरळ असेल तर दोन्हीकडे खोली सारखीच यायला हवी. ती आली नाही. डिप रॉडच्या टोकाला दहा सेंटिमीटर कमी भरली. टाकीचे ते टोक तेवढे वर उचलले गेले होते.

ते उचलले कुणी? पावसाने. खाडीच्या काठावर भराव घातलेली जागा, जुलैमध्ये जमिनीतले पाणी अगदी वर आलेले, आणि टाकी रिकामी. वीस हजार लिटरची टाकी पूर्ण पाण्यात बुडाली तर तिला वर ढकलणारा जोर वीस टनांचा असतो. रिकाम्या पोलादी टाकीचे स्वतःचे वजन त्यापुढे फारच थोडे. वरची माती आणि काँक्रीट तिला दाबून धरतात म्हणून ती जागेवर राहते. भराव एका बाजूने सैल झाला आणि ते टोक तरंगले. नौका तरंगते त्याच कारणाने. ज्यांचे सगळे आयुष्य तरंगणाऱ्या वस्तूंवर गेले त्या गावाला हे सुचू नये, याचे मला अजून नवल वाटते.

आता हिशेब. टाकी आडवी आणि गोल, म्हणून प्रत्येक सेंटिमीटरला लिटर सारखे नसतात. मधोमध, जिथे रुंदी पुरी दोन मीटर आहे, तिथे एका सेंटिमीटरला साधारण 127 लिटर. तळापासून वीस सेंटिमीटरवर रुंदी सव्वा मीटरच्याही आत येते आणि सेंटिमीटरला 76 लिटरच्या आसपास भरतात. एक टोक दहा सेंटिमीटर वर गेले की तिथली खोली सरासरीपेक्षा पाच सेंटिमीटर कमी दिसणार. टाकी निम्मी असताना 127 गुणिले पाच, म्हणजे सहाशे पस्तीस. तळाला 76 गुणिले पाच, म्हणजे तीनशे ऐंशी. नोंदवहीतली वरखाली होणारी तूट नेमकी याच दोन आकड्यांमध्ये फिरत होती.

तरीही ते थांबले नाहीत, आणि अहवालातला मला सर्वात आवडलेला भाग हाच. आकडेमोड जुळली म्हणून डिझेल टाकीत आहे असे होत नाही, ते बाहेर काढून दाखवायला हवे. गणपतीत नौका किनाऱ्याला लागतात आणि विक्री मंदावते, तो काळ त्यांनी निवडला. नवा टँकर मागवला नाही, टाकी कोरडी होईपर्यंत विकले. नॉझलमधून निघालेले लिटर आणि वहीतले लिटर यांच्यात चाळीसच्या आसपास फरक राहिला. तापमान एका अंशाने उतरले की हजार लिटर डिझेल सुमारे पाऊण ते एक लिटरने आकसते. टँकरमधून तापलेले डिझेल जमिनीखालच्या टाकीत येते, तेव्हा एवढा फरक त्यात बसतो. तूट नव्हतीच. सहाशे लिटर कधी कुठे गेलेच नव्हते.

अहवालाचा शेवट दोन वाक्यांचा. पहिल्यात तुटीच्या आरोपातून कारकून 'एक्झॉनरेटेड' असल्याचा निष्कर्ष. दुसऱ्यात, काही दिवसांच्या नोंदींवर त्याची सही नाही, ती रोज करण्याची त्याला समज द्यावी, अशी शिफारस. हे दुसरे वाक्य पुढे बरेच त्रासाचे ठरले.

चार मसुदे

चेअरमनांचा मसुदा: "पुराव्याअभावी आरोप सिद्ध न झाल्याने भाऊ यांना सोडून देण्यात येत आहे." सचिवांचा: "भाऊ यांना क्लीन चिट देण्यात येत आहे." वकिली केलेल्या संचालकांचा: "भाऊ यांना दोषमुक्त करण्यात येत आहे." आणि शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचा: "भाऊ निर्दोष असल्याचे ही सभा जाहीर करते."

पहिला मसुदा सरळ चुकीचा होता. पुरावा नव्हता असे नाही. पुरावा होता आणि तो कारकुनाच्या बाजूचा होता. 'पुराव्याअभावी' या शब्दाला आपल्याकडे एक ठरलेला वास आहे: केले याने असणार, सापडला नाही. बातम्यांतून तो शब्द इतक्यांदा त्याच सुरात वाचलेला आहे की वाचणारा दुसरा अर्थ घेतच नाही. चेअरमनांनी मुद्दाम तो निवडला असे मी म्हणणार नाही. पण त्या शब्दाने मंडळाची सोय होत होती हे खरे. पुरावा मिळाला नाही म्हटले की आळ घेणाऱ्याला काही बोलावे लागत नाही.

पगाराचा प्रश्नही याच शब्दाला चिकटलेला. सरकारी नोकरीत हा भेद नियमातच आहे. 1981 च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांत निलंबन पूर्णपणे असमर्थनीय होते असे ठरले तर त्या काळाचे पूर्ण वेतन मिळते. तसे ठरले नाही तर किती द्यायचे ते सक्षम अधिकारी ठरवतो. सोसायटीला हे नियम लागू नाहीत, पण तिच्या सेवानियमांची भाषा त्यांच्याच वळणाची होती. म्हणजे 'पुराव्याअभावी' लिहिले असते तर थांबवलेला पगार मंडळाच्या मर्जीवर गेला असता.

'क्लीन चिट' या शब्दात एक गंमत आहे. त्यातली 'चिट' आपलीच. आपली चिठ्ठी साहेबाच्या काळात इंग्रजीत गेली, तिथे तिची 'चिट' झाली, आणि 'क्लीन'चा हात धरून ती परत आली. पण परत येईपर्यंत तिची अब्रू गेली होती. आज कुणाला क्लीन चिट मिळाली असे वाचले की मनात पहिला प्रश्न येतो, ती कुणी मिळवून दिली? सचिवांच्या मनात यातले काही नव्हते. त्यांना तो शब्द आधुनिक वाटला होता. शेडमध्ये बसलेल्यांनी तो ऐकून एकमेकांकडे बघितले असते एवढे नक्की.

'दोषमुक्त' कायद्याच्या ओळखीचा शब्द आहे, म्हणून वकील संचालक त्याच्यावर अडून होते. मात्र त्याची घडण बघा. कर्जमुक्त कोण होतो? ज्याच्यावर कर्ज होते तो. व्यसनमुक्त कोण होतो? ज्याला व्यसन होते तो. 'मुक्त' म्हटले की आधी बांधलेले असणे आलेच. शिवाय वर्तमानपत्री मराठीत 'दोषमुक्ती' बहुधा खटला उभा राहण्याआधीच्या सुटकेला म्हणतात आणि खटला पुरा होऊन सुटला तर 'निर्दोष मुक्तता' म्हणतात. तेव्हा नेमकेपणाचा दावाही फार टिकत नाही.

उरला 'निर्दोष'. शब्द स्वच्छ, सगळ्यांना कळणारा. इथे चेअरमनांनी अहवालातले दुसरे वाक्य पुढे केले: "निर्दोष कसा? वहीत सही नाही." आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. 'निर्दोष' माणसाच्या सगळ्या अंगाला लागतो. अहवालाने फक्त एका आरोपाबद्दल निष्कर्ष दिला होता, वर्तणुकीचा दाखला दिला नव्हता.

मूळ शब्दाकडे

मग मूळ शब्दच उघडून बघायला हवा होता. 'एक्झॉनरेट' लॅटिनमधून इंग्रजीत आला. 'एक्स' म्हणजे बाहेर, दूर. 'ओनस' म्हणजे ओझे. ओझे उतरवणे हा त्याचा पहिला अर्थ, आणि हे ओझे अगदी खरेखुरे, पाठीवरचे किंवा जहाजातले. रोमन लोक मालवाहू जहाजाला 'नाविस ओनेरारिया' म्हणत, म्हणजे ओझ्याचे जहाज, लढाऊ जहाजाहून वेगळे. त्याचा माल बंदरात उतरवला की ते 'एक्झॉनरेट' झाले. जुन्या इंग्रजीत नद्यादेखील समुद्राला मिळून स्वतःचे पाणी असेच 'उतरवत' असत. जबाबदारीचे किंवा दोषाचे ओझे हा अर्थ इंग्रजीत रुजला आणि आज तेवढाच उरला. जहाज त्यातून कधीच निघून गेले.

त्याच्या आजूबाजूचे शब्दही याच गोदीतले आहेत. आरोपाला इंग्रजीत 'चार्ज' म्हणतात, चार्जशीटमधला. त्याचे मूळ गाडीवर ओझे लादण्यात आहे. म्हणून 'डिस्चार्ज' म्हणजे लादलेले उतरवणे. बंदरात माल उतरवण्यालाही तोच शब्द आणि न्यायालयात आरोपीला सोडण्यालाही तोच. 'ओनस' तर वकिलांच्या तोंडी जसाच्या तसा आहे. शाबितीचा भार कुणावर, हा प्रश्न 1872 च्या पुरावा कायद्यात 101 व्या कलमात होता, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो 104 व्या कलमात आहे. नियम तोच: जो एखादी गोष्ट आहे म्हणतो, ती शाबीत करण्याचा भार त्याच्यावर. भाऊच्या प्रकरणात उलट झाले होते. तूट आहे असे मंडळ म्हणत होते आणि ती नाही हे दाखवायचा भार भाऊने वाहिला. हमीपत्रही त्यानेच लिहून दिले.

मसुदा करणाऱ्यांपैकी वकील संचालकांचे म्हणणे असे, की 'एक्झॉनरेटेड' हा पक्का कायदेशीर शब्द आहे, त्याला पक्का कायदेशीर प्रतिशब्दच हवा. यावर सर्वोच्च न्यायालयाचेच उत्तर आहे. तमिळनाडूतल्या एका पोलीस कर्मचाऱ्याच्या प्रकरणात 2012 साली न्यायालयाने म्हटले, की सन्मानपूर्वक सुटका, संपूर्ण 'एक्झॉनरेशन' असले शब्दप्रयोग फौजदारी प्रक्रिया संहितेत किंवा दंड संहितेत कुठेही नाहीत. ते न्यायनिर्णयांतून घडलेले आहेत. त्यांची नेमकी व्याख्या करणे अवघड आहे, पण फिर्यादी पक्षाचा पुरावा पूर्ण तपासून आरोप सिद्ध करण्यात तो सपशेल अपयशी ठरला असे दिसले, तर सुटका सन्मानपूर्वक झाली असे म्हणता येईल. म्हणजे वजन शब्दाला नाही. सुटका कशी झाली त्याला आहे. हे वाचून दाखवल्यावर वकील संचालक थोडे मवाळ झाले.

आपल्याकडचे ओझे

हे सगळे करताना एक गोष्ट लक्षात आली, ती आधीच दिसायला हवी होती असे म्हणता येईल, पण रोज वापरातल्या शब्दांच्या आत कोण बघतो? 'आरोप' हा शब्दसुद्धा ओझ्याचाच आहे. संस्कृतात 'आ' आणि 'रुह्' यांपासून तो येतो; आरोपणे म्हणजे वर चढवणे, वर ठेवणे. धनुष्याला दोरी चढवणे हेही आरोपणच. वेदान्तात दोरीवर सापाचा भास होतो त्याला 'अध्यारोप' म्हणतात: जे तिथे नाही ते तिच्यावर चढवलेले. आणि तो भास उतरवणे म्हणजे 'अपवाद'. वेदान्ती ज्याला अपवाद म्हणतात त्याने साप उतरतो, आणि लोक ज्याला लोकापवाद म्हणतात त्याने तो माणसाच्या गळ्यात पडतो. एकाच शब्दाने दोन्ही कामे केलेली बघून गंमत वाटते. सहाशे लिटरची तूट हा शुद्ध अध्यारोप होता, हे मी बैठकीत बोललो नाही. तिथली हवा तशी नव्हती.

डागाची कल्पना असलेले शब्दही मराठीत भरपूर: कलंक, काळिमा, नावाला लागलेला बट्टा. डाग धुतला तरी धुतलेला भाग वेगळा दिसतो. ओझ्याचे तसे नाही, ते उतरले की उतरले. आणि उतरलेले ओझे कुठेतरी ठेवावे लागते. ते कुणाचे होते, कुणी चढवले होते, हे त्या वेळी उघड होते. चारही मसुद्यांत हीच गोष्ट गाळलेली होती. चारही वाक्ये भाऊबद्दल होती. ज्यांनी आरोप चढवला त्यांच्याबद्दल एकात चकार शब्द नव्हता.

हे बोलणे चालू असताना शेडच्या दाराशी बसलेले एक म्हातारे तांडेल, म्हणजे नौका चालवणारे, ज्यांना बैठकीचे आमंत्रणही नव्हते, मध्येच म्हणाले, "सोडतात कसले तेका? बांधून घातलेलो काय? आळ घेतल्यात ना, मग तो मागे घेवा."

मला हवा होता तो शब्द हाच. 'आळ' आणि 'आरोप' यांत मराठी माणूस जो भेद करतो तो न शिकवता करतो. आरोप खरा असू शकतो, खोटाही असू शकतो. आळ मात्र खोटाच. 'त्याच्यावर चोरीचा आळ आला' म्हटले की बोलणारा कुणाच्या बाजूचा आहे ते कळते. 'बालंट'ही तसेच, पण त्यात संकटाचा भाग जास्त. शिवाय आळ घेणारा असतो: आळ 'घेतला' जातो, आणि घेतलेली वस्तू मागे घेता येते. दोष 'मुक्त' करायला न्यायाधीश लागतो. आळ मागे घ्यायला ज्याने घेतला तोच लागतो.

आणि 'आळ' एवढ्याच गोष्टीपुरता असतो. त्यामुळे सहीचा मुद्दा आपोआप बाजूला पडला. रोज सही करण्याची समज वेगळ्या ठरावात देता येत होती, आणि तशीच ती दिली गेली.

चवथीच्या चंद्राची गोष्ट गावाने भाऊला टोमण्यासाठी वापरली होती, पण तिचा शेवट सहसा कुणी सांगत नाही. स्यमंतक मणी हरवला, कृष्णावर चोरीचा आळ आला. सत्राजिताचा भाऊ प्रसेन मणी गळ्यात घालून शिकारीला गेला होता आणि परतला नव्हता. कृष्ण नुसता मी निर्दोष आहे म्हणत बसला नाही. नगरातली माणसे बरोबर घेऊन माग काढत गेला: मेलेला प्रसेन आणि त्याचा घोडा, पुढे मेलेला सिंह, पुढे अस्वलाच्या पायांचे ठसे, जांबवानाची गुहा. मणी मिळाल्यावर तो सत्राजिताच्या घरी गुपचूप पोहोचवला नाही. सत्राजिताला सभेत बोलावले, राजासमोर सगळी हकीकत सांगितली आणि मणी त्याच्या हाती दिला. खाली मान घालून घरी गेला तो सत्राजित. ज्यांच्यात आळ पसरला त्यांच्यासमोरच तो उतरला.

भाऊ हेच आपल्या भाषेत म्हणत होता. मसुद्याची प्रत त्याच्या घरी पाठवायची आणि सभेत विषय नुसता 'वाचला असे समजून' पुढे जायचे, असा एका संचालकाचा बेत होता. तो कानावर आल्यावर भाऊने निरोप धाडला: "चोर म्हणतना माईक लावलेलो. आता सोडतना नुसतो कागद कित्याक?"

ठराव आणि त्यानंतर

सभेपुढे गेलेला मजकूर असा होता: "ऑगस्टअखेर डिझेल साठ्यात दिसलेली तूट प्रत्यक्षात नव्हती. टाकीचे एक टोक उचलले गेल्याने डिप रॉडचे माप कमी येत होते, हे टाकी पूर्ण रिकामी करून सिद्ध झाले आहे. या तुटीबद्दल संचालक मंडळाने भाऊ यांच्यावर घेतलेला आळ खोटा होता. तो मंडळ या सभेत मागे घेत आहे. त्यांचे हमीपत्र रद्द करून परत देण्यात येत आहे आणि थांबवलेला पूर्ण पगार देण्यात येत आहे."

'एक्झॉनरेटेड'चा एका शब्दात प्रतिशब्द त्यात नाही. शब्दाला शब्द देण्याचा हट्ट मी धरला नाही आणि धरायला सांगणाऱ्यांना दाद दिली नाही. 'खोटा' या शब्दावर मात्र मंडळात दीड तास चर्चा झाली. 'गैरसमजातून घेतलेला' असे लिहावे असे तिघांचे मत होते. बाईंनी विचारले, की गैरसमज कुणाचा झाला ते कंसात लिहायचे का? तेव्हा 'खोटा' राहिला. चेअरमनांनी मजकूर माईकवरून स्वतः वाचला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. सचिवांनी वाचावा अशी सोय ठेवलेली होती, ती त्यांनी नाकारली.

टाकी नंतर उघडून पुन्हा सरळ बसवली, पोलादी पट्ट्यांनी खालच्या काँक्रीटला बांधली, आणि पावसाळ्यात ती रिकामी ठेवायची नाही असे ठरले. डिप चार्ट नव्याने करून घेतला.

एक काम सभेनंतरही राहिले होते आणि ते भाऊच्याच ध्यानात आले. तुटीची रक्कम खतावणीत अजून त्याच्या नावे होती. ठराव झाला, हमीपत्र फाडले गेले, पण वहीत तो सोसायटीचा देणेकरीच होता. लेखापरीक्षक म्हणाले, वर्षअखेरीला करू. भाऊ म्हणाला, वर्षअखेरीला वही उघडणारा दुसरा कोणी असेल तर त्याला काय दिसेल? उलट नोंद त्याच दिवशी झाली, खाली ठरावाचा क्रमांक घातला, आणि तिच्यावर सही भाऊनेच केली. दुसऱ्या दिवसापासून तो पंपावर बसतो.